दातांच्या दवाखान्याखालचा बँड

१२ जून

ताई,

मी तुझ्यावर अजून रागावलेलीच आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना तुझा गैरसमज व्हायला नको. फोन करणार नाही. फोनवर तू नुसतं ‘हॅलो’ म्हणालीस तरी मला रडू येईल आणि मग भांडण सुचणार नाही. म्हणून पत्र.

निळ्या कोटाबद्दल मी इथे एक शब्दही लिहिणार नाही. तुझ्या लेकीच्या पदवीदान समारंभात घालायला म्हणून तू हौसेने मापं पाठवलीस, मी दुकानातली सगळी कामं बाजूला सारून तो शिवला, कमरेत नेमका बसवला, काजं हाताने केली, आणि फोटोत बघते तर तुझ्या अंगावर कुठल्याशा दुकानातला काळा, पोत्यासारखा कोट! वर तू त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीस. दोन वर्षं होतील आता. जाऊ दे. म्हटलं ना, एक शब्दही लिहिणार नाही.

लिहायचं कारण तुझी भाची. तिला ‘भोंगा’ हे नाव तूच ठेवलं होतंस, तीन महिन्यांची असताना तिचं रडणं ऐकून. ते तिने खरं करून दाखवलंय. तिने बँड काढलाय. वाजंत्रीवाला नव्हे, रॉकवाला. वर्गातले तिघं गोळा केलेत आणि माझ्या शिवणाच्या दुकानामागची खोली बळकावलीय. जिथे मी कापडाचे तागे, चिंध्यांची पोती आणि तो एक हात तुटलेला पुतळा ठेवते, तीच.

तिघांची ओळख करून देते, कारण रोज संध्याकाळी हेच माझ्या नशिबी आहेत. ढब्बू ड्रम वाजवतो. म्हणजे ड्रम नाहीतच. माझे बटणांचे डबे, दोऱ्यांच्या रिळांची खोकी आणि इस्त्रीचं टेबल यांना तो बडवतो. बटणं अशी काही उडतात की मला शर्टाच्या बटणांत परकरांचे हूक सापडतात. चष्मा गिटार वाजवतो आणि वाजवताना स्वतःच्या बुटांकडे बघतो. बूट काही बघण्यासारखे नाहीत. तिसरी मौनी. ती बेस नावाची चार जाड तारांची गिटार वाजवते आणि बोलत अजिबात नाही. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, हिला बोलता येत नसावं. मग एकदा चहा दिला तर म्हणाली, “काकू, साखर?” मला इतका आनंद झाला की मी तीन चमचे घातली.

आणि आपली भोंगा गाते. गाते म्हणजे, शेजारच्या सायकलवाल्याने येऊन विचारलं, “वहिनी, कुणाला लागलं का?”

तुझ्या भाचीनेच सांगितलं, “मावशीला तू कळव, नाहीतर मी कळवते.” तर हे कळवलं. उत्तराची अपेक्षा नाही.

तुझी
छोटी

३ जुलै

ताई,

उत्तर आलं नाही. अपेक्षा नव्हतीच, पण पोस्टमनला मी दोनदा विचारलं, आता तो मला बघून सायकल जोरात मारतो.

इकडे मोठा प्रसंग झाला. आमच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, दातांचा दवाखाना आहे हे तुला माहीतच आहे. परवा डॉक्टर खाली आले. अंगात पांढरा डगला, तोंडावर मास्क, हातात ते घूं घूं करणारं यंत्र तसंच, वायर ओढत आणायची राहिली होती एवढंच. मास्क खाली करून म्हणाले, “वहिनी, मी एका माणसाच्या दाढेत होतो.”

मी म्हटलं, “बरं मग?”

“तुमच्या त्या मुलाने धाडकन काहीतरी वाजवलं. तो माणूस उडाला. माझं बोट चावलं त्याने.”

ताई, मी हसायला नको होतं. पण आतून ढब्बूचा आवाज आला, “कुठल्या बीटला चावलं, डॉक्टर? मोजून सांगा ना!” मग डॉक्टरांचा चेहरा असा झाला की मी कात्री शोधायच्या निमित्ताने टेबलाखाली वाकले.

संध्याकाळी ह्यांनी मध्यस्थी केली. हे दिवसभर बसच्या वर्कशॉपमध्ये इंजिनांशी बोलतात, त्यामुळे माणसांशी फार हळू आवाजात बोलतात. ठरलं असं की डॉक्टर जेवायला घरी जातात तेव्हा शनिवारी वाजवायचं, आणि एरवी दवाखाना बंद झाल्यावर तासभर. वर एक जादा अट डॉक्टरांनी घातली: कुणी अगदीच घाबरट पेशंट आला तर ते वरून पाय आपटतील, मग मुलांनी जोरात वाजवायचं, म्हणजे त्याला ड्रिलचा आवाज ऐकू येणार नाही! काल आपटले. चौघांनी जीव तोडून वाजवलं. पेशंट खाली उतरला तो एका गालाने हसत होता.

हे तर पूर्ण सामील झालेत. मोडीत निघालेल्या बसमधला उभ्याने धरायचा दांडा कापून त्यांनी झांजेसाठी स्टँड जोडून दिला. पी.टी.च्या सरांनी शाळेच्या संचलनातला चिरलेला ढोल दिला. मी त्याला चामड्याचं ठिगळ लावलं. चांगलं लावलं. कोट शिवणाऱ्या हातांना ठिगळही लावता येतं, एवढंच म्हणायचंय.

छोटी

२१ जुलै

ताई,

आता त्यांचं स्वतःचं गाणं झालंय!

आजवर ही मुलं परदेशी गाणी म्हणत होती. मला त्यातलं अक्षर कळायचं नाही. एकदा मी विचारलं, “अगं भोंगे, यात तो नेमकं काय म्हणतोय?” ती म्हणाली, “तो म्हणतोय की त्याला कुणी समजून घेत नाही.” मी म्हटलं, “मग स्पष्ट बोलायला सांग त्याला.” चष्मा पहिल्यांदा बुटांवरून नजर उचलून हसला.

त्याच दिवशी एका बाईंचा झगा आला होता, दुसऱ्या शिंप्याने बिघडवलेला. शिवण अशी वाकडी की बघवेना. मी उसवत बसले होते आणि उसवताना मला बडबडायची सवय आहे, तुला ठाऊक आहे. आतून ढब्बूचा ठेका चालू होता, माझी बडबड आपोआप त्या ठेक्यात बसली. मला कळलंही नाही. अचानक आतलं वाजणं थांबलं आणि चौघं दारात उभे.

“आई, परत म्हण.”

“काय परत म्हणू?”

“आत्ता म्हणत होतीस ते!”

तर कुणाला तरी सुचलेले ते शब्द असे आहेत:

उसव ना, उसव ना,
वाकडी शिवण उसव ना!
धागा तुटला, तुटू दे,
कापड तेवढं राहू दे,
उलटी बाजू दिसू दे ना!

पुढे दोन कडवी आहेत. एकात असं आहे की दोघीजणी एकाच कापडातून कापलेल्या आणि आता एकमेकींच्या रंगाला ओळख देत नाहीत. हे कुणाबद्दल आहे ते मला माहीत नाही. कवींना विचारू नये म्हणतात. चष्म्याने चाल लावली. मौनीने खालून असा काही घुमणारा सूर धरला की टेबलावरच्या टाचण्या थरथरल्या. भोंगा ते गायला लागली आणि, ताई, तो भोंगा नव्हता. मी मशीनवरचा पाय काढून ऐकत बसले. गिऱ्हाईक दारात उभं होतं, तेही बसलं.

बँडचं नावही ठरलं. ‘ओव्हरलॉक’. माझ्या कडा शिवायच्या मशीनवरून. मी म्हटलं, “अरे, ते कापडाचे दोरे सुटू नयेत म्हणून असतं.” ढब्बू म्हणाला, “बरोबर आहे मग, काकू.”

छोटी

१८ ऑगस्ट

ताई,

खोली रिकामी आहे. रोज मनात शांतता मागत होते ना, मिळाली. तिच्यात माझं एकही काम नीट होत नाहीये. आज एका पँटला दोन्ही उजवे पाय लावले.

झालं असं. शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात वाजवायला हेडमास्तरांनी नाही म्हटलं. “हा गोंगाट आहे,” म्हणाले, “आणि गाण्यात ‘उलटी बाजू दिसू दे’ म्हणजे काय?” भोंगाने समजावलं की कापडाची. ते म्हणाले, “कापडाची असली तरी नको.” चौघं तोंडं पाडून आली आणि मग ज्याच्यावर राग काढायचा तो समोर नसला की माणूस करतो तेच केलं. चष्मा म्हणाला, गाणं फार पळवतोय ढब्बू, शब्द कळतच नाहीत, म्हणून गोंगाट वाटतो. ढब्बू म्हणाला, तू वाजवतोस त्या चालीने गोगलगायसुद्धा झोपेल. एकाने गिटार उचलली, दुसऱ्याने काठ्या, दोघं दोन दारांनी गेले. आता दोघांचंही म्हणणं एकच: “त्याने आधी यावं.”

भोंगा रडत नाही. जेवते, अभ्यास करते, आणि गुणगुणतसुद्धा नाही. त्यापेक्षा सायकलवाला धावत आलेला परवडला.

मी काय करू, ताई? घरात गाण्याबजावण्यातलं तुला कळतं, मला नाही.

छोटी

२७ ऑगस्ट

ताई,

पत्र नीट बसून वाच. मी ओरडणार आहे, पण थोडं पुढे.

इथल्या सभागृहाच्या रंगमंचाचा पडदा माझ्याकडे दुरुस्तीला आला होता. अवाढव्य प्रकरण, जाड, लाल, दुकानात मावेना. टाके घालून झाले, पण घडी कशी घालायची? मी ढब्बूला निरोप पाठवला, काकूंना मदत हवी. चष्म्यालाही तोच निरोप. दोघं रस्त्यावर समोरासमोर आले आणि खांबासारखे उभे राहिले. मी एकाच्या हातात एक टोक दिलं, दुसऱ्याच्या हातात दुसरं. म्हटलं, “ताणून धरा. आता एकमेकांकडे चालत या.”

मोठी चादर घडी करताना जे करतो ना आपण, तेच. लांब जायचं, ताणायचं, मग समोर जाऊन कोपरे जुळवायचे. प्रत्येक घडीला त्यांना एकमेकांच्या नाकापर्यंत यावं लागत होतं. पहिल्या वेळी दोघांनी माना फिरवल्या. दुसऱ्या वेळी ढब्बू म्हणाला, “कोपरा नीट दे.” तिसऱ्या वेळी चष्मा म्हणाला, “तू पळत येतोस, म्हणून वाकडी होतेय.” ढब्बू म्हणाला, “मग किती हळू येऊ? दाखव.” आणि चष्म्याने पायाने ठेका धरून दाखवला. भर रस्त्यात, लाल पडदा हातात धरून!

मौनी पायरीवर बसून हे सगळं बघत होती. ती म्हणाली, “काकू, नाहीच ऐकलं तर यांना त्यातच गुंडाळा.” एवढं लांब वाक्य तिच्या तोंडून आल्यावर भांडण टिकणं शक्यच नव्हतं. आधी भोंगा हसली, मग सगळेच. सायकलवाला हातातला पंप टाकून टाळ्या वाजवायला लागला.

रात्रीचं जेवण होईपर्यंत मी स्वतःवर खूश होते. भांडी आवरताना भोंगाला म्हटलं, “बघ, समोरासमोर आणलं की मिटतं.” ती म्हणाली, “मग तू आणि मावशी कधी पडदा धरणार?”

मी म्हटलं, “मावशीने माझा कोट घातला नाही.”

“आई, त्या समारंभाच्या आधी तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं. टाके ओले होते. तुझा कोट कमरेत घट्ट होता, तिला बटण लावता येईना. म्हणून ढगळा घातला.”

आता ओरडते. ताई!! दोन वर्षं मी इथे शिवणकाम करत फुगून बसले आणि तू तिथे पोटाला टाके घालून गप्प बसलीस? गाठ होती, साधी निघाली, आता सगळं बरं आहे, हे मला माझ्या पंधरा वर्षांच्या पोरीकडून कळावं? ती म्हणते, तू फोनवर तिला शपथ घातली होतीस, “छोटीला सांगू नकोस, ती सगळं सोडून धावत येईल.” अगं, आले असते तर काय आभाळ कोसळणार होतं? मला तुझा इतका राग आलाय की कोटाचा राग आठवतही नाही.

टाके कुणी घातले? बारीक घातलेत का? कसल्या धाग्याने?

मी फोन करतेय. हे पत्र तुला मिळेल तेव्हा आपलं बोलून झालेलं असेल, तरी पाठवते. लिहिलंय ते वाया का घालवू.

तुझीच
छोटी

१६ सप्टेंबर

ताई,

फोनवर आपण इतकं रडलो आणि हसलो की ह्यांनी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं. पण कालची हकीगत फोनवर सांगण्यासारखी नाही. माझा घसाच बसलाय. म्हणून लिहिते.

‘ओव्हरलॉक’चा पहिला कार्यक्रम झाला! ह्यांच्या वर्कशॉपची नवी शेड बांधून झाली, तिथे सगळ्यांच्या घरच्यांना बोलावलं होतं. ह्यांनी मोठ्या साहेबांना हळूच विचारलं, “मुलं थोडं वाजवतील का?” साहेबांना वाटलं पेटी-तबला असेल, हो म्हणाले. दोन बसच्या मध्ये एक ट्रक लावला, त्याच्या बाजूच्या फळ्या खाली सोडल्या, तोच रंगमंच. मी चौघांना काळी जाकिटं शिवली होती, कडेने लाल ओव्हरलॉक, मुद्दाम उलट्या बाजूची शिवण बाहेर दिसेल असं.

पहिलं गाणं सुरू झालं आणि, काय सांगू, सपशेल पडलं. शेड पत्र्याची, उंच. एक ठोका वाजवला की तोच परत येऊन डोक्यात बसायचा. ढब्बू वाजवतोय आणि मागून दुसरा ढब्बू वाजवतोय असं वाटायचं. लहान पोरं कानावर हात ठेवून आयांच्या कुशीत शिरली. मागून एक म्हातारे मेकॅनिक ओरडले, “अरे, इंजिन बंद करा!” लोक हसले. भोंगाचा चेहरा मला लांबून दिसत होता. ती लहानपणी पडल्यावर रडायच्या आधी जशी बघायची ना, तसा. मी ह्यांचा हात इतका दाबला की नखं उमटली.

दुसऱ्या गाण्याची वेळ आली. ढब्बूने काठ्या वर उचलल्या. आणि मौनीने नुसता हात पुढे केला, थांब म्हणून. ती छताकडे बघत होती. तिने बेसचा एकच सूर सोडला. तो वर गेला, पत्र्याला लागला, परत आला. तो आल्यावर तिने दुसरा सोडला. ढब्बूला कळलं. त्याने काठ्या खाली ठेवून पायाने ढोल वाजवला, अगदी सावकाश, प्रत्येक ठोका परत येऊ देत. जो हळू वाजवण्यावरून घर डोक्यावर घेत होता, तो! चष्म्याने त्याच्याकडे बघितलं. बुटांकडे नाही, त्याच्याकडे. आणि गिटार सुरू केली.

भोंगा माइकजवळ गेली. म्हणाली, “हे गाणं आमचं आहे. शब्द माझ्या आईचे.”

ताई, मी बसच्या चाकाआड लपले. खरंच लपले, साडीला ग्रीस लागलं. आजूबाजूचे सगळे “कुठाय, कुठाय” करायला लागले आणि ह्यांनी, आयुष्यभर हळू बोलणाऱ्या माणसाने, मोठ्याने सांगितलं, “ही काय, चाकामागे!”

मग ती गायली. ‘उसव ना, उसव ना.’ ती म्हणायची आणि शेड परत म्हणायची. दुसऱ्या कडव्याला मागची मेकॅनिक मंडळी पाने-पकडी घेऊन लोखंडी खांबांवर ठेका धरायला लागली. तिसऱ्या वेळी ते ‘इंजिन बंद करा’वाले आजोबा उभे राहून म्हणत होते, ‘धागा तुटला, तुटू दे!’ संपलं तर लोक बसू देईनात. यांच्याकडे बसवलेली गाणी होती मोजून दोन, त्यातलं एक पडलेलं. म्हणून तेच गाणं परत. मग आणखी परत. शेवटच्या वेळी कुणीतरी बसमध्ये चढून हॉर्न वाजवला, मग सगळ्या बसचे हॉर्न वाजले, आणि मी चाकामागून बाहेर येऊन कधी नाचायला लागले ते मला आठवत नाही. लोक सांगतात. डॉक्टरही आले होते, कानात कापसाचे बोळे घालून. नाचता नाचता एक बोळा पडला तर त्यांनी दुसरा स्वतःच काढून खिशात टाकला. “वहिनी,” म्हणाले, “माझा दवाखाना संध्याकाळी आणखी लवकर बंद करता येईल.”

मोठ्या साहेबांनी विचारलं, “पेटी कुठाय यांची?” ह्यांनी सांगितलं, “पुढच्या वेळी.”

घरी आल्यावर भोंगा जाकीट न काढताच झोपली. मी काढायला गेले तर झोपेतच म्हणाली, “राहू दे.” राहू दिलं.

छोटी

६ ऑक्टोबर

ताई,

तिकीट काढलंस हे कळल्यापासून हे दोनदा खोली झाडून आलेत. ऐक, आधीच सांगते, नंतर तक्रार नको. तुझी गादी मागच्या खोलीत घातलीय, दुसरी जागाच नाही. उशाशी ढोल आहे आणि पायाशी हात तुटलेला पुतळा. मधूनच वरून डॉक्टर पाय आपटतील, घाबरू नकोस, ते आपल्यासाठीच असतं. ढब्बू तुला पहिल्याच दिवशी विचारेल, “मावशी, तुम्हाला काय वाजवता येतं?” काहीतरी सांग, नाहीतर तो बटणांचा डबा हातात देईल. मौनी तुझ्याशी बोलली नाही तर वाईट वाटून घेऊ नकोस. बोलली तर सगळ्यांना बोलावून सांग.

तुझं विमान शनिवारी सकाळी उतरतंय, म्हणजे दुकानात पोचेपर्यंत दुपार होईल. नेमकी तीच यांची वाजवायची वेळ. घ्यायला हे येतील. मी येणार होते, पण आता एका कडव्यात मागे उभं राहून मलाही गायचंय, चौघांनी बसवलंय माझ्याकडून, आणि चुकले तर ढब्बू काठी दाखवतो.

तेव्हा सरळ दुकानात ये. बेल वाजवत बसू नकोस, कुणालाही ऐकू जाणार नाही. दार ढकल आणि आत ये.

तुझी
छोटी